प्रतिसाद: लेथ आणि जीप एकाच पॉलिसीत?
भाऊ, शेडमधली लेथ (धातू कातायचं यंत्र) आणि हौसेची जीप घराच्याच विमा पॉलिसीत बसते का, असं विचारलंत. नाही बसत. भारत गृह रक्षा ही घरविम्याची पॉलिसी घर आणि घरसामानापुरती. शेडात बाहेरच्या लोकांची कामं पैसे घेऊन करत असाल तर यंत्रांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही छोट्या धंद्यांची पॉलिसी बघा, ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेला चालते. चोरीचं कव्हर वेगळं मागा.

२०२३च्या सप्टेंबरात नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा माझ्या शेडात गुडघाभर पाणी. ग्राइंडरच्या मोटरीत नुसता गाळ, अन् नुकसान तपासायला आलेला विमा सर्व्हेअर म्हणे बिल दाखवा. जुन्या बाजारातून घेतलेल्याचं बिल कुठलं आलं! तेव्हा प्रत्येक यंत्राचा सीरियल नंबरासकट फोटो आजच काढून ठेवा.

जीपला थर्ड पार्टी पॉलिसी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारी) सक्तीचीच. विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं दोराचं यंत्र) किंवा मोठे टायर लावले असतील तर कंपनीला आधीच लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी अडवतात.