एक मारला की दोन उठतात: तुमचे अनुभव सांगा

शहापूरवाला:
सकाळी लाइट जाऊन आली, आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर एकच स्क्रिप्ट सतरा वेळा चालू दिसली. उद्यमबागेतले दिवस आठवले. २०१६ साल, फौंड्रीत हिशेबाचा लिनक्स सर्व्हर, मी नवखा. रात्री एक प्रोग्राम स्वतःच्या प्रती काढत सुटला. पीएस (चालू प्रोग्रामांची यादी) करून नंबर बघायचा, किल -९ (लगेच मर असा हुकूम) द्यायचं, तोवर त्याची पोरं, म्हणजे त्यानं काढलेल्या प्रती, नव्या नंबरानं हजर. रक्तबीजच! बापाला मारलं तर पोरं पीआयडी १ च्या, म्हणजे सिस्टमच्या पहिल्या प्रोग्रामच्या, पदरात. नशीब, तो वेगळ्या सीग्रुपमध्ये (चालू प्रोग्रामांचा गट) होता. पोरं बापाच्याच गटात जन्मतात. फ्रीझरनं अख्खा गट गोठवला, सगळ्यांना किल दिलं... एकही मरेना. अर्धा तास नुसता घाम. मग कळलं, सीग्रुपच्या जुन्या आवृत्तीत, व्ही १ मध्ये, गोठलेला मरतो तो सोडल्यावरच. फ्रीझर.स्टेटमध्ये थॉड (गोठलेले सोड) लिहिलं, सगळे एका दमात गेले. शेठ म्हणाले, "झालं न्हवं? मग चहा सांग."

निपाणीकर:
आता एवढा खटाटोप नको अण्णा. लिनक्सच्या गाभ्यात, कर्नल ५.१४ (२०२१) पासून सीग्रुप.किल आहे. नव्या व्ही २ मध्ये त्या फाइलीत १ लिहायचा, उपगटांसकट सगळे खलास. ऐन वेळी फोर्क करणारा, म्हणजे नवी प्रत काढणाराही सुटत नाही. गोठवायला सीग्रुप.फ्रीझ, ५.२ पासून, तिथं गोठलेलाही मरतो. फक्त १ लिहिला की लगेच गोठला असं समजू नका, सीग्रुप.इव्हेंट्समध्ये फ्रोझन १ दिसू दे. मी घाई केली, बॅकअपमध्ये अर्धवट फाइल आली.

खानापूरची ताई:
भाकऱ्या थापताना वाचतेय, चुका पोटात घाला. मी पीकिल -एफ बिल (बिल शब्द दिसेल त्याला मार) दिलं होतं. स्क्रिप्ट मेली, पण त्याच नावाची फाइल उघडलेला व्हीआय एडिटरपण मेला, दोन तासांचं काम आत. -एफ अख्खी कमांड लाइन बघतो हे तेव्हा कुठं माहीत! तवा तापला, पळते.

टिळकवाडी:
@ताई 😂😂 आधी पीग्रेप करून कोण कोण सापडतंय ते बघायचं

चिकोडीचा पाव्हणा:
मोबाइल अडकला की मी बटण दाबून धरतो. एवढंच येतंय बघा.

शहापूरवाला:
@पाव्हणा, पुष्कळ झालं की! अँड्रॉइडपण मागची अ‍ॅप गोठवतो, तुम्हाला पत्ता लागत नाही एवढंच.

संकेश्वर:
आमच्यात डिस्क खराब होती. यादीत प्रोसेसपुढं (चालू प्रोग्रामपुढं) डी. किल -९ दिलं, दहादा दिलं, ढिम्म. कर्नलच्या आत डिस्कची वाट बघत बसलाय, तिथून बाहेर येईल तेव्हा मरेल. साहेब मागं उभे, "अजून जोरात दे." एंटर जोरात दाबला 🙏

टिळकवाडी:
यादीत झेड लिहिलेले मारायला मी दोन दिवस घालवलेत. मेलेलेच असतात ते, बापानं वेट करून (मेल्याची नोंद घेऊन) नाव खोडायचं राहिलेलं.

निपाणीकर:
बाप मारायचा मग. पीआयडी १ उरकतो त्यांचं.

खानापूरची ताई:
आले परत. सिस्टमडी (सर्व्हिसा सुरू-बंद करणारा) असेल तर सर्व्हिस करून चालवा, सिस्टमसीटीएल स्टॉपला पोरंबाळं सगळी जातात. आम्ही तेव्हापासून नोहप (लॉगआउटनंतरही चालू ठेवणारी कमांड) सोडलं. आणि रविवारी बेळगावला येतेय, कुंदा कुणाला हवाय?

चिकोडीचा पाव्हणा:
मला अर्धा किलो ताई. बसस्टँडवर येतो.

संकेश्वर:
कुंद्याला पण किलोच म्हणतोय बघा हा 😂