मदत हवी आहे: फोर हँडेडच्या प्रॅक्टिकलला सगळा गोंधळ होतोय (डेंटल असिस्टंट कोर्स)

रुंजी
डेंटल असिस्टंटचा कोर्स करतेय कॉलेजात. थिअरी ठीक जाते, दातांचे नंबर पाठ आहेत, ट्रे पण नीट लावते, पण फोर हँडेडची, म्हणजे डॉक्टर आणि असिस्टंटने चार हातांनी मिळून काम करायची प्रॅक्टिकल आली की संपलंच. इन्स्ट्रुमेंट देताना माझा आणि डॉक्टरच्या जागी बसणाऱ्या पार्टनरचा हात आपटतोच आपटतो, परवा एक्सप्लोरर (दात तपासायची टोकदार सळई) डमीच्या तोंडात पडला, सक्शन (तोंडातलं पाणी ओढायची नळी) मधेमधे येतं, तिच्या आरशावर पाणी, आणि मॅडम नुसतं म्हणतात पोझिशन बघ पोझिशन बघ. अहो पोझिशन पुस्तकातलीच आहे, २ ते ४ मध्येच बसते मी! परीक्षा तोंडावर आलीय. पटकन सांगा, व्हिडिओ नकोत, सगळे बघून झालेत.

गच्चीवरचा_कावळा
२ ते ४ म्हणजे दुपारी का? :D

अक्कलदाढ
@कावळा, पेशंटचं तोंड घड्याळाच्या मधोमध धरायचं, डोक्याकडे १२ आणि पायाकडे ६. डॉक्टर ७ ते १२ मध्ये, असिस्टंट २ ते ४ मध्ये, इन्स्ट्रुमेंट द्यायचं ते ४ ते ७ च्या पट्ट्यात म्हणजे हनुवटीपाशी, आणि १२ ते २ मध्ये ट्रॉली वगैरे.
@रुंजी, स्टूल किती उंच ठेवतेस? कुठल्या दातावर काम चालू होतं? सक्शन कुठल्या हातात? यातलं काहीच लिहिलं नाहीयेस.

जुनी_खुर्ची
स्टूलच असणार. तुझे डोळे डॉक्टरच्या डोळ्यांपेक्षा १०-१५ सेंटीमीटर वर पाहिजेत, नाहीतर तुला तोंडातलं दिसतच नाही आणि मग तू वाकतेस, वाकलीस की हात आपटणारच. कित्येक वर्षं असिस्ट करतेय, नव्या मुलींचं हेच होतं. दुसरं, सक्शन आधी तोंडात जायला पाहिजे, हँडपीस म्हणजे ड्रिल नंतर. उलट केलंस की जागाच उरत नाही.

मिश्रण_मास्टर
माझ्या मते आधी अल्जिनेट, म्हणजे दातांचं माप घ्यायचं मिश्रण, पक्कं कर. परीक्षेत मार्क तिथेच जातात. पाणी थंड घे, थंड पाण्याने सेट व्हायला वेळ मिळतो. बाऊलमध्ये आधी पाणी मग पावडर, आणि स्पॅट्युलाने भिंतीला दाबून घोट. फास्ट सेट असेल तर ४५ सेकंद, रेग्युलर असेल तर १ मिनिट. गुठळी राहिली की माप वाया.

रुंजी
अल्जिनेट येतं मला!! ते विचारलेलंच नाही.
स्टूल उंच आहे. सक्शन उजव्या हातात, देते डाव्या हाताने, शिकवलंय तसंच. दात ३६.

तळ्यातमळ्यात
३६? दात ३२ असतात ना?

अक्कलदाढ
एफडीआय नावाच्या पद्धतीचा नंबर आहे तो. पहिला आकडा तोंडाचा भाग, दुसरा दात. ३६ म्हणजे खालची डावी पहिली दाढ. १ ते ३२ ची युनिव्हर्सल पद्धत वेगळी, त्यात तीच दाढ १९ नंबरची.

भिंगरी
हिपॅटायटिस बी ची लस घेतलीस का गं? ० - १ - ६ महिने अशी असते, आणि शेवटच्या डोसनंतर महिना दोन महिन्यांनी अँटीबॉडी तपासून घे, १० च्या वर यायला हव्यात. पेशंटवर काम सुरू व्हायच्या आधी बघ. आणि वापरलेल्या सुईला टोपण दोन हातांनी कधीच लावायचं नाही, टोपण ट्रेवर ठेवून एका हाताने सुई त्यात सरकवायची.

रुंजी
ताई लस झाली आहे. हात का आपटतात ते कुणी सांगेल का???

जुनी_खुर्ची
सक्शन पेनसारखं धरतेस का? मुठीत धर, अंगठा टोकाच्या दिशेने. गाल नीट ओढला जातो.

अक्कलदाढ
काहीही काय. दोन्ही ग्रिप चालतात, खालच्या दाढांना मूठ बरी, पुढच्या दातांना पेन. सरसकट नियम नाही.

जुनी_खुर्ची
तुम्ही किती पेशंटना असिस्ट केलंय ते सांगा आधी.

दातखीळ
मी डेंटिस्ट आहे. दोघं जरा थांबा. @रुंजी, तुझी पार्टनर कुठल्या हाताने काम करते?

रुंजी
डाव्या. डावखुरी आहे ती. त्याने काय होतंय, खुर्ची तीच, दात तोच.

दातखीळ
त्यानेच होतंय सगळं :) २ ते ४ हे उजव्या हाताच्या डॉक्टरसाठी. ती ९-१० ला बसून डावा हात पुढे करते तेव्हा तो बरोबर तुझ्या सक्शनच्या जागी येतो, आणि आरसा धरलेला उजवा हात हनुवटीपाशी, म्हणजे जिथे तू इन्स्ट्रुमेंट देणार तिथेच. तू आरसा चुकवून तिच्या दूरच्या हातात द्यायला बघतेस, मग आपटणार नाही तर काय. सगळं उलटं करा. ती १२ ते ५ मध्ये, तू ८ ते १० मध्ये, देवाणघेवाण ५ ते ८ मध्ये. सक्शन तुझ्या डाव्या हातात, द्यायचं उजव्याने. आणि ३६ आता तुझ्या लांबच्या बाजूला जाईल, तेव्हा सक्शनचं टोक गालाकडून नाही, जिभेकडून. टोक नेहमी दाताच्या आपल्याकडच्या बाजूला, हे लक्षात ठेवलंस की बाकी पाठ करावं लागत नाही.

मिश्रण_मास्टर
त्यापेक्षा तिलाच उजव्या हाताने करायला सांगा ना. सगळ्या खुर्च्या तशाच असतात.

भिंगरी
हे काय बोलणं झालं? ड्रिल हातात असताना हात बदल म्हणायचं? माझी मुलगी डावखुरी आहे, लहानपणी शाळेत हेच ऐकलं तिने.

इतिहासाचा_किडा
अवांतर: न्यू ऑर्लिन्सच्या डॉ. एडमंड केल्सनी १८८५ मध्ये असिस्टंट म्हणून बाई नेमली, तिथून हा पेशा सुरू झाला असं मानतात. बाई असल्याने बायका सोबत कुणी न घेता दवाखान्यात येऊ लागल्या. हेच केल्स पुढे एक्स-रेच्या किरणांपायी हात गमावून बसले.

अक्कलदाढ
म्हणूनच एक्स-रेची फिल्म पेशंटच्या तोंडात आपल्या बोटाने धरून ठेवायची नसते, होल्डर वापरायचा. तोंडी परीक्षेत विचारतात हे.

रुंजी
@दातखीळ, काल रिकाम्या वेळात उलटं बसून बघितलं, आपटणं जवळजवळ गेलं, पण आमच्या खुर्चीला हँडपीसच्या नळ्या उजवीकडेच फिक्स आहेत, त्या पेशंटच्या छातीवरून ओढाव्या लागतात आणि आता मला अडतात.

जुनी_खुर्ची
मग पार्टनर बदलून माग. परीक्षेत कशाला धोका.

दातखीळ
पार्टनर नको बदलू, मॅडमना आत्ताच विचार, डोक्यामागून नळ्या येणारं किंवा ट्रे दोन्हीकडे फिरवता येणारं युनिट (खुर्ची आणि तिला जोडलेली यंत्रं) एखादं तरी असेल. तेही नसेल तर तिला ११-१२ ला डोक्यामागे बसव आणि तू ८ लाच राहा. बहुतेक डावखुरे अशा खुर्चीवर तसंच निभावतात.

रुंजी
ओके विचारते. शेवटचं, एक्सप्लोरर परत घेताना आणि दुसरं देताना एकाच हाताने कसं काय, माझा तिथेच पडतो.

जुनी_खुर्ची
नवीन इन्स्ट्रुमेंट अंगठा आणि पुढच्या दोन बोटांत, जुनं करंगळीने ओढून तळहातात घ्यायचं, दोन्ही एकमेकांना समांतर ठेवून. आडवं धरलंस की अडकतं. खालच्या दाताला टोक खाली करून दे, वरच्याला वर, म्हणजे तिला हातात फिरवावं लागत नाही. ती घट्ट धरेपर्यंत सोडायचं नाही. आणि डोळ्यांवरून कधीच नाही न्यायचं, डमी असला तरी, मार्क कापतात.