कोलोरॅडोत धनुष्यबाणाने म्यूल डिअर (मोठ्या कानांचं हरीण) याची शिकार: उघड्या उतारावर जवळ कसं पोचायचं?

रानजाई
नमस्कार मंडळी. डेन्व्हरजवळ राहते. हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय आणि यंदाच्या ड्रॉमध्ये (परवान्यांच्या सोडतीत) सप्टेंबरच्या धनुष्य-हंगामाचा नराचा टॅग (एका हरणाचा परवाना) लागलाय. युनिट (शिकारीसाठी नेमून दिलेला भाग) उंचावरचं आहे, झाडं संपतात त्याच्याही वरची कुरणं. कंपाऊंड बो (चाकं असलेलं धनुष्य) ओढायला ५० पौंडांचा. रेंजवर ४० यार्डांपर्यंत बाण तळहाताएवढ्या जागेत बसतात. पण तिथे ना झाड ना झुडूप. ४० यार्डांवर जायचं तरी कसं? नवरा सोबत असेल, तो धनुष्य चालवत नाही. मांस घरी खायचंय, शिंगं किती मोठी याचं मला काही नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

डोंगरवारा
अभिनंदन ताई! शिंगांचा हट्ट नाही हे फार बरं. कोलोरॅडोत एका बाजूचं शिंग ५ इंच असलं तरी तो नराच्या टॅगवर चालतो, म्हणजे तरुण नरही चालेल. तरुण नर मोठ्यांइतके सावध नसतात.

सेजब्रश
रानजाई, मी कोलोरॅडोच्या पश्चिम उतारावर राहतो आणि दर सप्टेंबरला याच प्राण्यामागे असतो. आधी एक सांगतो: व्हाइटटेल या दुसऱ्या जातीच्या हरणाचे व्हिडिओ बघून तयारी करू नका. तिथे झाडावर बसून हरणाची वाट बघतात. इथे दुरून हरीण शोधायचं आणि दबकत त्याच्यापर्यंत जायचं.

उजाडायच्या आत खोऱ्याच्या समोरच्या बाजूला दुर्बीण लावून बसा. ट्रायपॉड हवाच, हातात धरलेल्या दुर्बिणीतून बसलेलं हरीण दिसत नाही. अख्खं हरीण शोधू नका. कानाची हालचाल, शिंगाचं टोक, पांढरा पार्श्वभाग शोधा. सप्टेंबरच्या सुरुवातीला नर अजून टोळीने असतात, त्यामुळे एक दिसला की बाकीचे किती आणि कुठे आहेत ते मोजून ठेवा. तुम्ही ज्याच्यामागे जाता तो क्वचितच तुम्हाला पकडतो, पकडतो तो तुम्हाला न दिसलेला दुसरा.

चरून झालं की तो सावलीत बसतो. लगेच निघू नका. ऊन सरकलं की तो उठतो आणि कड्याखाली किंवा खुरट्या झाडांखाली जास्त दाट सावलीत जाऊन बसतो. त्या दुसऱ्या बैठकीवर बराच वेळ टिकतो. तेव्हा निघायचं.

आता वारा. यावरच सगळं ठरतं. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते. ऊन तापलं की ती वर चढायला लागते. मधला काळ, साधारण सकाळी नऊ ते अकरा, सर्वांत फसवा. हवा घडीघडीला दिशा बदलते. म्हणून उन्हं चांगली तापू द्या, हवा एकसारखी वर वाहू लागली की वळसा घालून त्याच्या वरच्या बाजूने उतरा. हवेची दिशा दाखवणाऱ्या पावडरची छोटी बाटली सतत हातात ठेवा आणि दर काही पावलांनी उडवून बघा. डोळ्यांना आणि कानांना कधीमधी चकवता येतं, नाकाला नाही. वास गेला की ते खोरंच सोडून जातात.

वरून सगळं वेगळं दिसतं. त्यामुळे निघण्याआधी समोरून फोटो काढा आणि त्याच्याजवळचा ठळक खडक ठरवून घ्या. नवऱ्याला दुर्बिणीपाशी बसवा, हातांच्या खुणा आधी ठरवा. रेडिओ-फोनवरून दिशा सांगायला मॉन्टानासारख्या राज्यांत बंदी आहे. खुणांची सवय कुठेही उपयोगी.

शेवटच्या शंभर यार्डांत बूट आणि पाठपिशवी काढून ठेवा. जाड लोकरी मोजे घाला, एकावर एक दोन जोड्या. हवेची झुळूक आली की पुढे सरका, थांबली की थांबा.

आणि पोचल्यावर बसून राहा. तो उठेपर्यंत. कितीही तास लागोत. दगड टाकून किंवा शीळ घालून उठवू नका. दचकून उठलेलं हरीण बाण पोचेपर्यंत त्या जागी नसतं. आपण होऊन उठलेलं हरीण आधी अंग ताणतं, उभं राहतं, इकडेतिकडे बघतं. तोच तुमचा क्षण.

कातकडा
मी नेव्हाडात पाणवठ्यावर आडोसा करून बसतो. दबकत जाण्यापेक्षा ते सोपं नाही का?

सेजब्रश
कोरड्या प्रदेशात नक्की. रानजाईंच्या उंचीवर मात्र जागोजागी झरे असतात, हरीण कुठल्याही पाण्यावर जातं. शिवाय तिथे दुपारी वीज पडते. काळे ढग जमले की शिकार सोडा आणि धारेवरून खाली या. ढगांनी ऊन झाकलं की हवाही परत खाली वाहू लागते, म्हणजे तसाही डाव संपलेला असतो.

घाटमाथा
बाण सुटल्यानंतरचं मी लिहिते, कारण त्यावर कमी बोललं जातं आणि जनावराप्रति आपली खरी जबाबदारी तिथेच आहे.

५० पौंडांना ३०-३५ यार्डांपलीकडे जाऊ नका. कायद्याने किमान ३५ पौंड लागतात, तेव्हा तुम्ही नियमात आहात; पण यांत्रिक (लागल्यावर उघडणाऱ्या) पात्यांपेक्षा स्थिर पात्यांचा, धारदार ब्रॉडहेड (बाणाचं शिकारीचं टोक) घ्या, तो कमी ताकदीत जास्त आत जातो. तीव्र उतारावर खाली मारताना आडवं अंतर धरायचं असतं, म्हणून कोनही मोजणारा रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) घ्या. हरीण आडवं किंवा किंचित पाठमोरं असेल तरच बाण सोडा.

बाण लागला की जिथे शेवटचं दिसलं ती जागा पक्की लक्षात ठेवा. गुलाबी फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस; तरी अर्धा तास थांबा. बाणाला हिरवट घाण किंवा वास असेल तर पोटात लागलाय. मग सहा-आठ तास तरी मागे जायचं नाही. लगेच गेलात तर ते उठून मैलभर जातं आणि हाती लागत नाही.

सप्टेंबरात मांस पटकन बिघडतं. कातडं लगेच काढा, मांस जाळीदार कापडी पिशव्यांत सावलीला टांगा. नर असल्याची खूण एका तुकड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेली राहिली पाहिजे आणि खाण्याजोगं मांस रानात टाकायचं नाही, दोन्ही कायदे आहेत.

डोकं तपासणीला द्या. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग प्रथम १९६७ साली कोलोरॅडोतच, फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या म्यूल डिअरमध्ये दिसला. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण सीडीसी ही अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सांगते की बाधित हरणाचं मांस खाऊ नये. निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये वेगळं ठेवा. मेंदू आणि कण्याला सुरी लावू नका.

स्वयंपाकात: पांढरी चरबी सगळी काढा, तिची चव तोंडात चिकटते. पाठीचं मांस तव्यावर झटपट. मांड्यांचं आलं-लसूण-दही लावून रात्रभर ठेवा, मग भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याच्या वाटणात मंद आचेवर. आमच्याकडे भाकरीबरोबर हेच होतं.

नवखा_बाण
माझा प्रश्न थोडा बाजूचा. एच-वन-बी व्हिसावर असताना अशी शिकार चालते का?

डोंगरवारा
धनुष्य केंद्रीय कायद्यात बंदुकीत मोडत नाही, त्यामुळे बंदुकीचे व्हिसावरचे निर्बंध त्याला लागत नाहीत. राज्याचं लायसन्स मात्र लागतंच. सहा महिने सलग राहिल्यावर कोलोरॅडोत रहिवासी फी लागू होते, ती बाहेरच्यांपेक्षा खूप कमी आहे. कोलोरॅडोत हरणांची सगळी लायसन्स मर्यादित असतात. ड्रॉचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात.

रानजाई
खूप आभार सगळ्यांचे! शेवटची शंका: तो उठला आणि माझ्याकडेच बघत असेल तर धनुष्य ओढायचं कधी?

सेजब्रश
बघत असताना नाही. डोकं झुडपामागे गेलं, खाली वाकलं किंवा मान वळली की एका संथ हालचालीत ओढा. त्यासाठी घरी गुडघ्यावर बसून, धनुष्य वर न उचलता ओढण्याचा सराव करा. तसं जमत नसेल तर धनुष्याचं ओढायचं वजन दोन-तीन पौंडांनी कमी करा.