मदत हवी आहे: चार वर्षांची मुलगी दाढांना ब्रश लावू देत नाही

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी चार वर्षांची आहे. सकाळी ब्रश हातात घ्यायला ती आनंदाने तयार असते, पण सगळं लक्ष पुढच्या दातांवर. मागच्या दाढांपर्यंत मी ब्रश नेला की तोंड घट्ट मिटते, "माझं मी करणार" म्हणून रडते. रात्री तर झोपेला आलेली असते, तेव्हा विचारूच नका. आणि रात्रीचं ब्रश करणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण झोपेत लाळ कमी होते आणि दातांत अडकलेल्या अन्नावर जंतूंना मोकळं रान मिळतं.

दाढांच्या खाचा या वयाच्या मुलांना स्वतः नीट साफ करता येत नाहीत. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनीच शेवटचा हात फिरवायचा असतो, हे मला माहीत आहे. "दुधाचे दात, पडणारच आहेत" हे घरातलं उत्तर मला पटत नाही. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकतात आणि पक्क्या दातांची जागा राखतात.

फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढीच देते, पण ती थुंकण्याऐवजी गिळते. थुंकायला कसं शिकवलंत? आधी तिने आणि मग मी, अशी पाळी कुणी लावली आहे का? मांडीवर डोकं ठेवून, आडवं झोपवून ब्रश केल्याने मागचं नीट दिसतं म्हणतात. तुमच्या मुलांनी ते करू दिलं का? जबरदस्ती करून तिच्या मनात ब्रशची भीती बसू नये, एवढीच काळजी आहे. अनुभव जरूर सांगा.