नैरोबीत एक सत्र: निघण्याआधी काय काय?

डिचोलीची विद्यार्थिनी: ऑगस्टपासून नैरोबीत शिकायला जातेय. लस, कपडे, पैसे यांचं कसं करू?

वास्कोकर: पिवळ्या तापाची लस सगळ्यात आधी. मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात चौकशी कर. अनेकांसाठीची कुपी फोडली की 6 तासांत संपवावी लागते, म्हणून लस ठरावीक वारीच देतात; वार विचारल्याशिवाय जाऊ नको. दाखला 10 दिवसांनी लागू होतो, पुढे जन्मभर चालतो. तो नसेल तर परतताना भारतात 6 दिवसांपर्यंत अलग ठेवतात. दाखल्याचं पिवळं पुस्तक हातातल्या बॅगेत, पासपोर्टसोबतच ठेव.

फोंडेकर: नैरोबी जवळपास 1,800 मीटर उंचीवर आहे गो! ऑगस्टच्या रात्री आपल्या सुती कपड्यांवर निभत नाही, जाड स्वेटर घे. चिवडा-लाडू प्लास्टिकच्या कॅरीबॅगेत बांधू नको, केनियात 2017 पासून त्यांवर बंदी आहे. डबा आणि कापडी पिशवी बरी.

सांखळीकर: पैशांसाठी पासपोर्ट दाखवून स्थानिक सिम घे, त्यावर एम-पेसा, म्हणजे मोबाईलवरून पैसे देण्याघेण्याची सेवा, सुरू कर. भाजीवालाही तेच घेतो. आणि स्वाहिलीत वेळ ऐकताना सांभाळ: ‘सा मोजा’ म्हणजे शब्दशः एक वाजले, पण घड्याळात 7. तास उजाडल्यापासून मोजतात, 6 मिळवायचे.