मदत हवी आहे: कुत्र्यांच्या वर्तनावर काम करायचंय, शिकायचं कुणाच्या हाताखाली?

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्याची, वय ३१, बी.कॉम. नऊ वर्षं एका पतसंस्थेत हिशेब बघते. यापुढे कुत्र्यांचं प्रशिक्षण आणि वर्तन हाच व्यवसाय करावा असं मनानं घेतलंय. आईला सांगितलंय, बाबांना अजून नाही. पोस्ट लांबली आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

तीन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या सिमेंटच्या पाइपात एक गावठी पिल्लू सापडलं. ती आमची चिंगी. डॉक्टर म्हणाले, पाचेक महिन्यांची असेल. पिल्लाला माणसांची, गाड्यांची, आवाजांची सवय होते ती साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात. तिचा तो काळ पाइपातच गेला, हे मला फार उशिरा कळलं. बेल वाजली की ती पलंगाखाली, आणि कुणी वाकून हात पुढे केला की गुरगुर.

आम्ही एक ट्रेनर बोलावले. "ही घरात बॉस व्हायला बघतेय," म्हणाले आणि चोक चेन, म्हणजे ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी, घातली. गुरगुरली की झटका. दहा दिवसांत गुरगुरणं थांबलं, आम्ही खुशीनं त्यांना पेढे दिले. दीड महिन्यानं माझ्या मावसभावानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती जराही आवाज न करता थेट चावली. त्याला रेबीजच्या लसीचा सगळा कोर्स घ्यावा लागला. चिंगीची भीती होती तिथंच होती. "लांब रहा" असं सांगायचा एकच मार्ग तिच्याकडे होता, तो आम्ही बंद केला. त्यातले कितीतरी झटके मी माझ्या हातानं दिलेत.

मग वाचायला लागले. ही 'बॉस'ची कल्पना १९४७ साली बंदिवासातल्या लांडग्यांवर झालेल्या अभ्यासातून आली. ती आपल्या पुस्तकातून सर्वदूर नेणाऱ्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं. मग आम्ही काय म्हणून तिला दाबत होतो?

पुढचे आठ महिने मोबाइलवर बेलचा आवाज अगदी बारीक लावायचा, लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा. तिनं ओठ चाटले, जांभई दिली, कान मागे नेले, म्हणजे ती घाबरतेय असं दिसलं, की तिथंच थांबायचं, आवाज आणखी कमी करायचा. आता बेल वाजली की ती आपणहून सतरंजीवर जाऊन बसते आणि माझ्याकडे बघते. ते बघितलं की दर वेळी माझ्या पोटात कालवतं.

हे पाहून ओळखीतल्या चार घरांनी बोलावलं. उड्या मारणं, पट्टा ओढणं थांबवायला जमलं. पाचव्या घरी सात वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे. महिन्याभरात घरच्यांनाच दोनदा चावला. मी अजून 'हो' म्हटलेलं नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आमच्याच जिल्ह्यात, पण त्याला बारावीचं जीवशास्त्र आणि 'नीट' ही प्रवेश परीक्षा लागते. ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूरचं बीएसएफचं (सीमा सुरक्षा दलाचं) श्वान केंद्र सुरक्षा दलांसाठी. आपल्याकडे ट्रेनर म्हणवून घ्यायला परवाना लागत नाही, त्यामुळे आठ दिवसांच्या कोर्सचं प्रमाणपत्रही मिळतं. मला ते नको. माझे हात चुकतात कुठे हे बघणारं माणूस हवंय. असा गुरू ओळखायचा कसा? पगार २२ हजार आहे, तो कधी सोडावा? आणि त्या लॅबचं (लॅब्रॅडॉरचं) काय करू?

प्रतिसाद

ताई, आधी लॅबचं. चौदा वर्षं पुण्यात हे काम करतोय, त्यावरून सांगतो: या वयाचा कुत्रा एकाएकी चावायला लागला तर पहिला संशय दुखण्यावर. कान, दात, कंबर, सांधे. डॉक्टरांनी अंगभर हात लावून तपासल्याशिवाय त्याला काहीही शिकवायला घेऊ नका. तपासणीनंतरही ही केस एकटीनं घेऊ नका, अनुभवी माणसाबरोबर बसून बघा. तुम्ही थांबलात ते बरोबरच केलंत.

गुरूला एकच विचारा: कुत्रा चुकला तर तुम्ही नेमकं काय करता? उत्तर गोलगोल आलं, किंवा "गॅरंटी देतो" असं आलं, तर चहा पिऊन निघा. त्यांचं एक सत्र गप्प बसून बघू देतात का, तेही विचारा. कुत्रा तिथं आपणहून येतो की शेपूट पोटाखाली घालून, ते बघा.

नोकरी आत्ता सोडू नका. शनिवार-रविवार कुत्र्यांच्या नसबंदी केंद्रात किंवा निवाऱ्यात द्या. अनोळखी, घाबरलेली कुत्री तिथं रोज बघायला मिळतील. त्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस घ्या, यात चालढकल नको. केलेल्या प्रत्येक तासाची वही ठेवा. ट्रेनरना प्रमाणपत्र देणारी अमेरिकेतली सीसीपीडीटी ही संस्था परीक्षेला बसायच्या आधी किमान ३०० तासांचा अनुभव मागते. तुम्ही हिशेबातल्या आहात, वही तुमची चोख राहील. स्वतःचे व्हिडिओ काढा. तुकडा देताना हात आधी हलतो की शाबासकीचा शब्द आधी येतो, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही.

आणि शिकवायचं असतं माणसांना. आजोबा ताटातली पोळी देणारच. त्यांना न दुखावता ते कसं थांबवायचं, हे कुठल्या कोर्सात शिकवत नाहीत.

चावणाऱ्या कुत्र्यासाठी जाळीचं मुसकं वापरतात, ज्यात त्याला तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. ते आनंदानं घालायला शिकवणं हा चांगला पहिला धडा. चिंगीवरच करा.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. लॅबवाल्या काकूंना आत्ताच फोन केला, त्या उद्या त्याला डॉक्टरांकडे नेतायत. लसीचं सोमवारी विचारते. चिंगीचं नाक निमुळतं आहे, दुकानातलं मुसकं सरकून डोळ्यांवर येतं. माप नाकाच्या टोकापासून घ्यायचं की डोळ्यांच्या मधून, तेवढं सांगाल का?