घरखर्चाची एक्सेल शीट: शिस्त की नसतं लचांड?

चिल्लर (धागाकर्ता):
परवा इथे एकांनी लिहिलं, "ज्यांना घरखर्चाची साधी एक्सेल शीट ठेवता येत नाही, त्यांनी महागाईच्या नावाने बोंबलू नये." सोबत स्वतःच्या शीटचा लाल-हिरवा फोटो. तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा.

मी तीन वर्षं शीट ठेवलीये. पहिल्या वर्षी किराण्याची बेरीज काही केल्या जुळेना. शेवटी सापडलं काय, तर बायकोच्या नोंदींत "किराणा"च्या मागे एक स्पेस. आपल्याला एकच शब्द दिसतो, बेरीज करणाऱ्या सम-इफ सूत्राला दोन. पुढच्या वर्षी नवा लॅपटॉप आणला, तारखा अमेरिकन. ३/८ ची ओवाळणी ८ मार्चला जाऊन बसली आणि १३ तारखेपासून पुढचं काही तो तारीख मानायलाच तयार नाही! एवढं करून सगळ्यात मोठा खर्च कुठला? "इतर".

आई शंभर पानी वहीत लिहायची. २० तारखेला वही मिटून म्हणायची, "आता हॉटेल बंद." संपला विषय.

पिव्होट_पाटील:
तो फोटो माझाच. स्पेसचा घोळ होऊ नये म्हणून ड्रॉपडाउन असतो, तारखेसाठी रीजन सेटिंग. दोन मिनिटांचं काम. नाचता येईना…

आईच्या काळी पाकिटातल्या नोटा कमी झालेल्या दिसायच्या. यूपीआय आल्यापासून चहाचे १५, पार्किंगचे २०, कोथिंबिरीचे १० असे दिवसाला आठ व्यवहार होतात. वहीत लिहीत बसणार? मी महिन्यातून एकदा बँकेचं स्टेटमेंट शीटमध्ये ओततो.

आणि वहीत न दिसणारी गोष्ट सांगतो. शाळेची फी ४८,०००, विमा ३२,०००, दिवाळी २०,०००, घरपट्टी ८,०००. झाले १,०८,०००. म्हणजे दरमहा ९,००० आधीच गेलेले असतात. हे कळलं तेव्हापासून जूनमध्ये क्रेडिट कार्ड घासलेलं नाही.

खमंग_थालीपीठ:
९,००० चा मुद्दा पटला. पण तुमचा फोटो मोठा करून पाहिला. ओळ १४: "मावशी, खाडे ३, वजा ३००." ओळ १५: "पिझ्झा १,१४०." लाज नाही वाटली?

पिव्होट_पाटील:
महिन्याला दोन सुट्ट्या भरपगारी देतो, त्यावरचे खाडे कापतो. ठरलंय तसं. धाग्याचा विषय काय, तुम्ही बोलताय काय!

खमंग_थालीपीठ:
ठरवलं कुणी? तुम्हीच ना? ऑफिसात तुमची सिक लीव्ह कुणी कापली तर इथे दोनशे प्रतिसादांचा धागा काढाल.

नुसता_वाचक:
घरेलू कामगारांसाठी २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे ना महाराष्ट्रात?

खमंग_थालीपीठ:
आहे हो. नोंदणी करा, योजना घ्या. पण खाड्याचे ३०० कापायचे की नाही, ते यांच्या ओट्यापाशीच ठरतं.

सोलापुरी_चादर:
एरवी लिहीत नाही. माझी आई चार घरची धुणीभांडी करायची. लिहिता येत नव्हतं, म्हणून खाडा झाला की चुलीमागच्या भिंतीवर कोळशाची रेघ ओढायची. एका महिन्यात भिंतीवर दोन रेघा होत्या, मालकिणीच्या कॅलेंडरवर चार फुल्या. पैसे चारचे कापले. भिंत काय उचलून न्यायची होती तिथे?

वही की एक्सेल, ते तुम्ही ठरवा. मी बघतो लेखणी कुणाच्या हातात आहे.

चिल्लर:
खरंय. आमच्या शीटवरही भांडण त्यावरूनच व्हायचं. बायको म्हणायची, "नोंदी मी करायच्या आणि 'हे ६०० कसले' तू विचारायचं?" मागच्या स्पेस मुद्दाम दिल्या असतील तर आता नवल वाटणार नाही.

पिव्होट_पाटील:
बरं बाबांनो, मी राक्षस, तुम्ही सगळे संत. मावशींना आज विचारलं, त्यांच्या हिशेबाने खाडे किती. म्हणाल्या, "दोन. एक दिवस तुम्हीच गावाला गेला होता." तपासलं. बरोबर होतं. पैसे दिले.

खाड्यांचा रकानाही डिलीट केला. तर पगाराच्या सूत्रात त्याचाच संदर्भ होता, आता खालपर्यंत सगळीकडे रेफची एरर. शिलकीतसुद्धा. समाधान झालं?

चिल्लर:
शंभर पानी वही आहे शिल्लक. पाठवू का?